मोटारीपासून दीड हात

तोटी कुठं बसवायची, एवढाच प्रश्न होता. सेहेचाळीस साल. गोंदियाच्या वेशीबाहेर एका राइस मिलच्या मागं आमची वाडी आणि मी त्याच मिलमध्ये कारकून. मालकांच्या मेहेरबानीनं मिलच्या तारेवरून आमच्या विहिरीवर विजेची मोटार बसली आणि मला वाटलं, आपण आता लाटसाहेबाच्या जरासेच खाली आहोत. (बरेच खाली, असं बायकोचं मत.)

मिलचा मिस्त्री हिरालाल म्हणाला, "बाबूजी, तोटी मोटर से बीस कदम दूर लगाओ. भैंस को उससे भी दूर बाँधो. जानवर पाइप पे पीठ घिसता है. पाइप टूटा, पानी मोटर पे गया, तो समझो खेल खतम."

आता हे कोणाला सांगायचं? आम्ही कोहळी. सात पिढ्या तलाव बांधत आलो. आमच्या घराण्याची शिकवण अशी की तलावाचं पाणी सोडायचं तोंड जिथं, तिथंच ढोरांचा पाणवठा, म्हणजे एकाच माणसाची दोन्हीकडं नजर राहते. मोटार म्हणजे तरी काय, पाणी सोडायचं तोंडच. मी आजोबांच्या थाटात काठीनं जमिनीवर फुली मारली. मोटारीच्या छपरीपासून दीड हात. तोटी इथं आणि म्हशीचा खुंटाही इथंच.

"हिरालाल, पाण्याचं आम्हाले नको शिकवू."

"पानी का नहीं, बाबूजी. बिजली का बता रहा हूँ."

(विजेचं मला एवढंच ठाऊक होतं की ती आकाशात असते.)

रुख्मिणीनं, म्हणजे आमच्या हिनं, विचारलं, "मैनेले इतक्या जवळ काऊन बांधून राहिले जी?"

मैना तिची माहेरची म्हैस. सासऱ्यांनी ती स्वतःच्या हातानं वाढवून लेकीला दिलेली. आता गाभण होती. रुख्मिणी रोज सकाळी तिच्या पोटावर हात ठेवून दिवस मोजायची. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ती काय मोजत होती ते मला समजायला हवं होतं.

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

आठव्या दिवशी सकाळी मी अर्धी दाढी करून बसलो होतो. आमचा गडी मंगरू मोटार चालू करून पाट बघायला गेला. मैनेच्या पाठीला खाज सुटली आणि तिनं अंग पाइपाला लावलं. दोनदा घासलं. तिसऱ्यांदा पाइप मुळातून उखडला आणि पाण्याची धार सरळ मोटारीवर. खाली चिखल, चिखलात मैना.

मी बटन बंद करायला धावलो. बटन छपरीत, पाण्याच्या पलीकडं. (तेही जवळ हवं म्हणून मीच तिथं लावून घेतलं होतं.) मग साबणाच्या तोंडानं मिलकडं पळालो. हिरालालनं तिथून वीज तोडली, तोवर मैना आडवी झाली होती. पोटातलं रेडकूही गेलं.

हिरालाल आला, फुलीची जागा बघितली आणि परत गेला. रुख्मिणी मैनेचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "दाढी पुरी करून घ्या." बस, दिवसभरात तेवढंच बोलली. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

सासऱ्यांना कळवायला मंगरूला सायकलवर आमच्या इकडच्याच गोरेगावला पाठवलं. तो त्यांच्या दारात पोचला, "वाडीत करंट लागला जी, लवकर चला," एवढं म्हणाला आणि रडायलाच लागला. पुढचं त्याच्या तोंडून निघेना.

दिवस कलताना दारात छकडा थांबला. सासरे शालीकरामजी उतरले. मागं भावकीतली चार माणसं, सासऱ्यांच्या काखेत कोरं पांढरं कापड. मी दारातच उभा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जवाईबापू, तुमी आहा?"

"हो, मामाजी."

"मंग गेलं कोण?"

"मैना."

गोरेगावपासून म्हाताऱ्याच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नव्हता, असं मला भावकीनं नंतर सांगितलं. आता ते मट्कन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. रुख्मिणीही सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात पडून मोकळी झाली. मी बाजूला उभा होतो, माझं जिवंत असणं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सासरे उठले, वाडीत गेले आणि ते कापड त्यांनी मैनेवर पसरलं. ते तिच्या पाठीवरच संपलं. त्यांनी ते इकडून ओढलं, तिकडून ओढलं, मग माझ्याकडं बघितलं.

"कमी पडलं," ते म्हणाले. "तुमच्या मापानं आणलं होतं."