हौदातल्या गाद्या

नमुन्यांच्या खोलीत दोन गाद्या शेजारी-शेजारी मांडल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, लादीवर, गादी कारखान्याचे प्रमुख उकिडवे बसले होते. डावीकडची गादी मऊ, उजवीकडची टणक. डावीकडे हात दाबला की त्यांना वाटे, हीच. उजवीकडे दाबला की वाटे, छे, हीच. संध्याकाळी हॉटेलवाल्या बाई येणार होत्या आणि त्यांच्यासमोर यातली एकच ठेवायची होती.

प्रमुखांना अख्खा कारखाना पाठीमागे 'बघूसाहेब' म्हणत असे. कारण कोणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असे, "बघू." हा काही आळस नव्हता. माणूस भला होता आणि प्रत्येकाचं म्हणणं मन लावून ऐकत असे. पंचाईत अशी, की ज्याचं ऐकावं त्याचंच त्यांना पटे. विक्रीप्रमुख म्हणाला, लोकांना मऊ हवी. त्यांनी मान डोलावली. शिलाई खात्याच्या ताई म्हणाल्या, मऊ गादी वर्षात बसते, टणकच द्या. त्यांनी तितक्याच आपुलकीने मान डोलावली. असं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

पण सकाळीच मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "हे बघा," त्या म्हणाल्या होत्या, "आज तुम्ही निर्णय घेतलात आणि ऑर्डर मिळाली, तर खुर्ची कायमची तुमची. नाहीतर उद्यापासून तिथे विक्रीप्रमुख बसतील. निदान ते ठरवतात तरी."

विक्रीप्रमुख ठरवत होता यात शंकाच नव्हती. प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असे, म्हणून त्याचं नाव 'तडकाफडकी' पडलं होतं. मऊ की टणक या विचारात बघूसाहेबांचा कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि ज्याच्या गाद्यांवर सारं गाव झोपतं त्याला झोप येऊ नये, याची त्यांना लाजही वाटत होती.

आता उपाय एकच होता, 'उठता बोल'. ही या कारखान्याची जुनी रीत. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी कारखाना काढला तेव्हापासूनची. नव्या गादीवर प्रमुखाने दुपारी झोपायचं आणि जाग येताच तोंडातून जे पहिलं बाहेर पडेल तो कारखान्याचा निर्णय. जागा माणूस सोय बघून बोलतो, पण नुकत्याच उठलेल्याला खोटं बोलायला सवड नसते, असा त्यामागचा विचार. आधीचे एक प्रमुख "आई गं, पाठ!" म्हणत उठले होते आणि ती गादी त्याच दिवशी बाद झाली होती.

बघूसाहेब टणक गादीवर आडवे झाले. शिलाईताई, तडकाफडकी आणि गोदाम सांभाळणारे काका दाराशी कान देऊन उभे राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, पलीकडे शिलाई यंत्रं एका सुरात घुमत होती. त्या तंतूंकडे बघता बघता साहेबांना अशी झोप लागली, अशी लागली की महिन्याभराची थकबाकी वसूल व्हावी.

स्वप्नात ते लहान होते. तळ्याकाठी त्यांच्या भोवती कागदाच्या होड्याच होड्या होत्या आणि सगळी पोरं होड्या हातात धरून नुसती उभी होती. आकाश पाण्यात उतरलं होतं. पाणी इतकं निवांत होतं, की आता होडी सोडली नाही तर आयुष्यात काही अर्थ नाही असं त्यांना मनापासून वाटलं. ते उठून बसले, हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"वाट कसली बघताय? सगळ्या पाण्यात सोडा!"

आणि पुन्हा आडवे होऊन घोरू लागले.

दाराशी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले.

"बोलले!" शिलाईताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघू म्हणाले नाहीत हो! घोडं गंगेत न्हालं एकदाचं!"

"पण पाण्यात म्हणजे?" काकांनी विचारलं.

"त्यात काय कळायचंय?" तडकाफडकीकडे उत्तर होतंच. "पाण्याची परीक्षा! हॉटेलात पाहुणे पाणी सांडतात, पोरं ओली करतात. बाईंसमोर गाद्या पाण्यात घालून दाखवायच्या. काय डोकं आहे माणसाचं! हे मला सुचायला हवं होतं."

"झोपेत बोलले नसतील ना?" काका म्हणाले.

"झोपेतच बोलायचं असतं काका. रीतच आहे ती."

कारखान्यामागे कापड धुवायचा मोठा हौद होता. सगळ्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्पष्ट हुकूम मिळाला होता, त्यामुळे कामाला जो जोर चढला तो विचारू नका. हॉटेलसाठी तयार केलेल्या, मऊ आणि टणक, सगळ्या नमुन्याच्या गाद्या डोक्यावरून मागे गेल्या. काही प्लास्टिकच्या आवरणात होत्या, काही उघड्या. शेवटी उरली ती एकच, जिच्यावर साहेब झोपले होते. ती ओढताना साहेब लादीवर आले आणि जागे झाले.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच हुकमाची अंमलबजावणी," शिलाईताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर साहेबांविषयी असा आदर होता, जो साहेबांनी आजवर कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिला नव्हता. घरीसुद्धा नाही.

मागे जाऊन पाहतात तो काय, हौदात गाद्याच गाद्या. आवरणातल्या संथ तरंगत होत्या, उघड्या हळूहळू तळाला चालल्या होत्या. आपण काय बोललो ते त्यांना लख्ख आठवलं आणि पाचावर धारण बसली. 'अहो, ते स्वप्न होतं' हे शब्द जिभेपर्यंत आले. पण भोवती इतके चेहरे उजळलेले होते, की ते शब्द त्यांनी गिळून टाकले. माणसाला एकदा मान मिळाला की तो परत करायला फार जड जातं.

एवढ्यात बुडालेल्या गाद्यांनी हौदाचं पाणी जायचं भोक बुजवलं. नळ चालू होता. पाणी काठावरून अंगणात, अंगणातून गोदामाच्या दिशेने निघालं.

"साहेब, आता?"

"पाणी... पाणी अडवा!" साहेब कसेबसे म्हणाले.

"कशाने?"

"मिळेल त्याने!"

गोदामात दुसरं काय मिळणार? उशा मिळाल्या. उशांचा बांध घातला, आणि बांध घालून होतो न होतो तोच आवरणातल्या उशा अंगणभर तरंगू लागल्या. नळ बंद करावा हे कोणालाच सुचलं नाही, कारण तसा हुकूम नव्हता. शेवटी काकांनी तो बंद केला आणि हळूच इकडेतिकडे पाहिलं, कोणी रागावतं की काय म्हणून.

नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई हॉटेलवाल्या बाईंना घेऊन मागच्या दाराने आत आल्या. ऊन कलतं झालं होतं. पिवळसर पाण्यात गाद्या डुलत होत्या, पांढऱ्या उशा अंगणातून बदकांसारख्या चालल्या होत्या, आणि सगळा कर्मचारीवर्ग घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता.

"ही आमची पाण्याची परी..." तडकाफडकीने सुरुवात केली.

"नाही," बघूसाहेब म्हणाले.

त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पण या साध्या माणसांना आपल्या मूर्खपणापायी पाण्यात उभं करून आपण खुर्ची मिळवायची, हे त्यांना सहन होईना. "परीक्षाबिरीक्षा काही नाही. मी झोपेत बरळलो. स्वप्नात होड्या होत्या. यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि जाग आल्यावर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. चूक पूर्णपणे माझी आहे. दाखवायला आज कोरडी गादी नाही, बाई. माफ करा."

शिलाईताईंचा चेहरा एवढासा झाला. मालकीणबाई साहेबांच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. उठत्या बोलाची ही रीत मामंजींनी जाहीर केली ना, तेव्हा तेही नुकतेच झोपेतून उठले होते. त्यांना पुन्हा विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं."

तोवर हॉटेलवाल्या बाई चपला काढून हौदाच्या काठावर बसल्या होत्या. पहाटेपासून त्या प्रवासात होत्या. पाय पाण्यात सोडताच त्यांनी असा सुस्कारा टाकला की ऐकणाऱ्यालाही बरं वाटावं. आवरणातली एक गादी डुलत डुलत काठाला लागली. बाईंनी तिच्यावर आधी हात ठेवला, मग डोकं टेकवलं, मग "दोनच मिनिटं हं" म्हणत पुरत्या आडव्या झाल्या. काकांनी चटकन गादीला दोरी बांधून टोक हातात धरलं. बाई झोपल्या.

तडकाफडकी वही-पेन घेऊन काठावर तयारीत बसला. "आता यांचा उठता बोल! जे म्हणतील ते लिहून सही घ्यायची." त्याने मुद्दाम खाकरायला सुरुवात केली.

बाईंनी डोळे न उघडताच कूस बदलली. "आई, अजून पाच मिनिटं," त्या पुटपुटल्या.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. याचा अर्थ काय लावायचा?

"अर्थ काय लावायचाय?" बघूसाहेब म्हणाले. "बाई दमल्यात. त्यांना झोपू द्या. शिलाईयंत्रं बंद करा. काका, दोरी ओढू नका, नुसती धरा. आणि तुम्ही, ते खाकरणं पुरे."

हुकूम असा स्पष्ट होता, की तडकाफडकीचा हातही आपोआप तोंडावर गेला. यंत्रं थांबली. अंगणात पाण्याचा तेवढा आवाज उरला.

"आणि ऑर्डर गेली तर?" मालकीणबाईंनी कुजबुजत विचारलं.

"गेली तर गेली. झोपलेल्या माणसाला उठवून गादी विकायची नसते, बाईसाहेब."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्यांनीही चपला काढल्या, पदर खोचला आणि दुसरी एक तरंगती गादी पायाने जवळ ओढली. "मग मीही जरा पडते. सासरे गेल्यापासून धड झोपले नाहीये मी. प्रमुख तुम्ही आहात, लक्ष ठेवा."

आकाश हळूहळू पाण्यात उतरत होतं. हौदात दोन गाद्या शेजारी-शेजारी डुलत होत्या, एक मऊ आणि एक टणक, पण आवरणावरून कुठली कुठली हे कोणालाच सांगता आलं नसतं. दिवे लागायच्या सुमाराला हॉटेलवाल्या बाईंनी डोळे उघडले. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, आपल्या गादीकडे पाहिलं, मग शेजारी गाढ झोपलेल्या मालकीणबाईंकडे पाहिलं आणि चांगल्या मोठ्याने म्हणाल्या,

"मला ही हवी. आणि यांच्या खालची पण!"

तडकाफडकीने आनंदाने उडीच मारली असती. पण प्रमुखांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "मालकीणबाई झोपल्यात."