राजोडीची पाहणी

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे कामतघरच्या रोकड्यांच्या घरात महत्त्वाचं बोलणं शुक्रवारीच होतं. इतर दिवशी रामदास रोकडे कामावरून येतो तेव्हा कानात लूमची खडखड घेऊनच येतो आणि त्याला काहीही सांगायचं तर दोनदा सांगावं लागतं. मृणालीने म्हणूनच शुक्रवारपर्यंत कळ काढली आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं.

"अठरा तारखेच्या रविवारी मी राजोडीला चाललेय. सर्फिंग शिकायला."

तिची आई वनिता अंगणवाडी सेविका. रोज पंचवीस पोरांना उत्तरं देण्याची तिला सवय, पण प्रश्न तिलाही पडतात.

"म्हणजे काय करतात त्यात?"

"फळीवर उभं राहायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं."

"आणि पडलं तर?"

"पडायचंच असतं, मम्मी. पाणी कमरेएवढंच असतं."

"कोणाच्या कमरेएवढं?" रामदासने विचारलं.

मृणालीने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. ती चोवीस वर्षांची, वडप्याच्या एका गोदामात सुपरवायझर. तिच्या शब्दावर तीस माणसं माल इकडचा तिकडे करत. घरी मात्र तिला अजूनही 'पोचले' असा मेसेज टाकावा लागे. रामदास काही कडक बाप नव्हता. तो लूमचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. बत्तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं, बिघाड कुठे होणार ते आधी ओळखायचं. त्यामुळे मुलगी समुद्र म्हणाली की त्याला समुद्र दिसत नसे, बिघाड दिसत असे.

वनिताला मात्र समुद्र दिसला. हात धुण्याआधीच ती म्हणाली, "एकटी कशाला? आपण सगळेच जाऊ की."

तिने कोन गावच्या बहिणीला, कमळाला, फोन लावला. कमळाने फोन नवऱ्याकडे दिला. केसरीनाथकडे ईको गाडी होती आणि गाडी असलेल्या माणसाकडे मतंही असतात. वाटेत सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आहे तर आधी तिथे वंदना करावी, असं त्याने सुचवलं. मग विरारच्या चुलत बहिणीकडे जेवण, तिला वाईट वाटायला नको. दहा मिनिटांत नऊ माणसं, एक पातेलं पुलाव आणि दोन चटया ठरल्या. समुद्रावर पोचायचं चार वाजता.

"काका, शिकवणी सकाळी साडेसातला असते. भरती-ओहोटी बघून ठेवतात ती," मृणाली फोनमध्ये वाकून म्हणाली.

"अगं, समुद्र कुठे पळून जातोय," केसरीनाथ म्हणाला.

मृणाली पुढे काही बोलली नाही. शनिवारी सकाळी तिने दुसऱ्याच दिवशी, अकरा तारखेच्या रविवारी, ओव्हरटाइम असल्याचं घरी सांगितलं. वनिताने फक्त डबा किती वाजता लागेल ते विचारलं.

इकडे रामदासचंही मन थाऱ्यावर नव्हतं. नऊ माणसं, अनोळखी रस्ता, कमरेएवढं पाणी आणि कोणाच्या ते माहीत नाही. नवा लूम बसवायचा तर आधी जागा बघतात, फरशी बघतात. मग एवढं कुटुंब पाण्याजवळ न्यायचं तर आठवडाभर आधी पाहणी नको? उद्याचा रविवार त्याच्या ड्युटीचाच दिवस, त्यामुळे घरी काही सांगायचीही गरज नव्हती. शेठला त्याने घरात काम असल्याचं कळवलं, नेहमीसारखा डबा घेतला आणि पहाटे पाचला मोटारसायकलला किक मारली. खिशात त्याने एक लांब सुतळी घेतली होती. तिच्या टोकाला जड नट बांधला होता आणि हाताहातावर गाठी मारल्या होत्या. खोली मोजायला.

अंजूरफाटा, खारबाव, कामण. खड्डे त्याने पहिल्यांदा मोजले, मग खड्ड्यांमधला रस्ता मोजायला घेतला, कारण तो कमी होता. राजोडीला पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. सुरूच्या झाडांपलीकडे काळपट वाळू, तिच्यावर ओळीने ठेवलेल्या निळ्या फळ्या आणि सात-आठ जवान पोरंपोरी. रामदासने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात शिरला आणि सुतळी सोडली. लाट आली की दोन गाठी बुडत, गेली की नट वाळूवर पडून राही. पाण्याला स्वतःचीच खोली ठरवता येत नाही, हे त्याला पसंत पडलं नाही.

"बॅचचे का तुम्ही? नाव काय?" कोणीतरी मागून विचारलं. हातात यादी घेतलेला, उन्हाने रापलेला चाळिशीचा माणूस होता. हा सुभाष, शिकवणारा.

रामदासच्या कानात ऐकायचं मशीन होतं, पण वाऱ्याने त्यात नुसतं घोंघावत होतं. त्याला एक 'नाव' तेवढं ऐकू आलं.

"रोकडे."

"हां, रोकडे, एक जागा. चला काका, तुमचीच वाट बघतोय."

व्यवस्था दाखवायला नेतोय असं समजून रामदास मागोमाग गेला. सुभाषने त्याच्या हातात एक घट्ट निळा शर्ट दिला. सगळ्यांनी घातला होता, म्हणून त्यानेही घातला. डोकं शर्टाच्या गळ्यात अडकलेलं असतानाच, आपल्याला शिकायला आलेला समजलेत, हे त्याच्या लक्षात आलं. पण त्या अंधारात त्याने शांतपणे विचार केला. मशीन बाहेरून बघून कधी कोणाला बिघाड सापडलाय? शिवाय आपण मुलगी येण्याआधी समुद्र तपासायला आलोय, हे अनोळखी माणसाला सांगायचं तरी कसं? त्याने डोकं बाहेर काढलं आणि रांगेत उभा राहिला.

आधी वाळूवरच धडा होता. फळीवर पालथं पडायचं, दोन्ही हातांनी पाणी मागे सारल्यासारखं करायचं आणि "अप" म्हटलं की एका झटक्यात उभं राहायचं. रामदास सगळ्यांत मन लावून वाळू मागे सारत होता. एवढ्यात सुरूच्या झाडांतून एक मुलगी धावत आली.

"सॉरी, खारबावला स्कूटी पंक्चर झाली. रोकडे. एक जागा."

"रोकडे तर आलेत," सुभाष म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं.

मृणालीने पाहिलं. तिचे वडील निळ्या शर्टात पालथे पडून कोरड्या वाळूत पोहत होते.

"पप्पा?"

रामदासचे हात थांबले. तो उठून बसला.

"तुझा ओव्हरटाइम होता ना?"

"तुमची ड्युटी होती ना?"

 लाट येऊन गेली. मग रामदास हळूच म्हणाला, "मी पाहणी करायला आलो होतो."

"हे घालून?"

"ते नंतर झालं."

"बोर्ड एकच आहे," सुभाष मधे पडला. "पाणी उतरायच्या आत आवरायला लागेल. कोण येतंय ते ठरवा."

"ही येतेय," म्हणून रामदासने घाईघाईने शर्ट काढायला घेतला. पण शर्ट पुन्हा डोक्यात अडकला, आणि तो सोडवायला गेलेल्या मृणालीला बापाचा चेहरा अगदी जवळून दिसला. गालाला वाळू लागली होती. तिने या माणसाला घरात आणि लूमच्या शेडमध्ये पाहिलं होतं, लग्नात जेवणावर देखरेख करताना पाहिलं होतं. काहीही न दुरुस्त करता नुसतं काहीतरी करताना कधी पाहिलं नव्हतं.

"अर्धा वेळ तुम्ही, अर्धा मी," ती म्हणाली आणि शर्ट परत खाली ओढला. "कानातलं मशीन द्या इकडे. भिजेल."

मशीन काढल्यावर नवीच अडचण आली. सुभाष घसा फोडून "अप" म्हणे आणि रामदास पालथाच पडून शांतपणे किनाऱ्याला लागे. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा फळी उलटली आणि तो नाकातोंडात पाणी घेऊन उठला. सुभाषने मान हलवली.

"काकांना ऐकूच येत नाही. उगाच काही व्हायला नको."

"थांबा, मी सांगते त्यांना," मृणाली म्हणाली. मशीन तिने रुमालात गुंडाळून सुभाषच्या पिशवीत ठेवलं आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली.

लूमच्या शेडमध्ये कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, तिथे हातांनी बोलतात. पंजा उलटा धरला की थांब. मूठ छातीशी आणून वर उचलली की लूम चालू कर. लहानपणी डबा घेऊन जाताना मृणाली दारात उभी राहून हे बोलणं बघत असे, आणि रामदास दुरूनच तिच्याशी तसं बोले. कित्येक वर्षांत ते झालं नव्हतं. आता ती किनाऱ्याच्या बाजूला पाण्यात उभी राहिली आणि तिने पंजा उलटा धरला. रामदास फळीवर थांबला. मागून लाट आली, सुभाषने फळी ढकलली. मृणालीने मूठ छातीशी आणली आणि वर उचलली.

रामदास उभा राहिला.

गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. आवाज नव्हता. बत्तीस वर्षांत पायाखाली काही हलतंय आणि त्याची खडखड नाही, असं त्याला पहिल्यांदाच झालं. मग तो आडवा झाला.

उरलेला अर्धा वेळ मृणाली फळीवर होती. तिला सुभाषचं नीट ऐकू येत होतं, तरी ती बघत होती ती कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बापाच्या मुठीकडे. त्याची मूठ दर वेळी थोडी लवकर वर जाई. ती बारा वेळा पडली आणि एकदा पार वाळूपर्यंत आली.

कपडे सुकेपर्यंत दोघं सुरूखाली बसली आणि त्यांनी एकमेकांचे डबे खाल्ले. दोन्हींत वांग्याचीच भाजी होती.

"मम्मीला नाही सांगायचं," मृणाली म्हणाली.

"कशाला सांगायचं," रामदास म्हणाला. "अठराला सगळे येतीलच."

संध्याकाळी दोघं अर्ध्या तासाच्या अंतराने घरी पोचली. वनिता दारात मेथी निवडत बसली होती. तिने दोघांना समोर बसवलं.

"मी आज कोनला जाऊन आले," ती म्हणाली. "कमळाला सांगितलं, अठराला कोणी यायचं नाही. ती रागावली. केसरीनाथ भावोजींनी चहासुद्धा विचारला नाही. पण पोरगी शुक्रवारी गप्प बसली ना, ते माझ्या डोक्यातून जाईना. ती एक गोष्ट मागते आणि आपण पातेलं घेऊन मागे लागतो. मृणाली, तू तुझी एकटी जा." मग ती रामदासकडे वळली. "आणि तुम्ही. तिच्या मागे मागे जायचं नाही. जरा विश्वास ठेवायला शिका."

रामदासने बायकोकडे पाहिलं, मग मेथीकडे. मृणालीने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली.  बिघाड कुठे आहे ते रामदासला पहिल्यांदा स्वतःतच दिसत होतं, आणि तो लपवण्यासारखा नव्हता. त्याने सगळं सांगितलं. सुतळी, शर्ट, वाळू, सगळं. मृणालीने ओव्हरटाइमचं आणि बॅच आठवडाभर आधी घेतल्याचं सांगितलं.

वनिता ऐकत राहिली. तिची मेथी निवडून संपली होती, तरी ती काड्या उलटसुलट करत होती.

"चैत्यभूमीला मी किती वर्षं जातेय," ती शेवटी म्हणाली. "बाजूला समुद्र असतो. पण रांग सोडून कधी पाय भिजवले नाहीत. म्हणून मला वाटलं होतं, या वेळी जाऊ सगळे." थोडं थांबून तिने विचारलं, "गार होतं का पाणी?"

"आधी गार लागतं. मग नाही लागत," रामदास म्हणाला.

"उभे राहिलात?"

"तीन सेकंद."

"चार," मृणाली म्हणाली.

वनिताने काड्या गोळा केल्या, पदराला हात पुसले आणि मृणालीचा फोन तिच्यासमोर सरकवला.

"त्या माणसाला लाव. अठराची बॅच आहे का विचार."

"तीन जागा सांगू ना?"

"एकच सांग," वनिता म्हणाली. "तुमचं दोघांचं झालंय."