शनीची बदली

ज्योतीराम मास्तरांना चार वर्षं एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे चिंचवडला बदली. बायको रुक्मिणी तिथे आणि चार वर्षांची मुलगी इंदूही तिथेच. मास्तर मात्र चाकणच्या पलीकडच्या एका वाडीत, मारुतीच्या देवळात भरणाऱ्या शाळेवर. महिन्यातून एकदा ते घरी जात, तेव्हा इंदू दाराआडून ओरडे, "आई, ते काका आलेत!" मास्तर हसत, पण त्या हसण्यात काही राम नसे.

शनिवारी शाळा तपासायला दिपोटीसाहेब दौलतराव येणार होते. बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून होता. त्यांचा शेरा चांगला पडला की चिंचवड मिळालंच, अशी मास्तरांची समजूत. म्हणून त्यांनी ठरवलं की या खेपेला ग्रहमाला फळ्यावर काढायची नाही, देवळापुढच्या फरशीवर जिवंत उभी करायची. मधे एक पोरगा सूर्य, भोवती चुन्याची नऊ रिंगणं आणि त्यांवरून फिरणारे नऊ ग्रह.

बुध, शुक्र, पृथ्वी पटापट वाटून झाले. हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो यांना वाडीत कुणी ओळखतच नव्हतं, त्यामुळे तक्रारही नव्हती. शनी गेनूच्या वाट्याला आला. त्याचं कडं म्हणून मास्तरांनी जुन्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं मिळवलं होतं. गेनू ते मिरवत घरी गेला आणि तिथेच सगळं फसलं.

संध्याकाळी त्याची आई तानाबाई कडं घेऊन दारात उभी. "मास्तर, येकुलतं येक पोर हाय माझं. त्याला शनी करता व्हय?"

"तानाबाई, शनी म्हणजे नुसता एक गोळा. कोट्यवधी मैल लांब. त्याला तुमचा गेनू ठाऊकसुद्धा नाही."

"आता हुईल की ठाऊक!"

मास्तरांनी कडं ठेवून घेतलं. त्यांनी आणखी चार घरं पालथी घातली, पण शनीला आपलं पोर द्यायला एकही आई तयार होईना. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, "मीच होतो शनी!"

शनिवारी सकाळी मास्तरांनी लग्नातला काळा कोट चढवला आणि ते कड्यात शिरले. कडं सारखं खाली घसरत होतं, म्हणून ते दोन्ही हातांनी कमरेशी धरून उभे राहिले. काळा कोट, लोखंडाचं कडं आणि वार शनिवार. मास्तरांच्या हे लक्षात आलं नाही, पण वाडीच्या आलं.

शनिवारचं मारुतीला तेल घालायला बाया आल्या. सगळ्यांत पुढे तानाबाई. आदल्या दिवशी तिने घरी आलेला शनी परत केला होता आणि बिचारीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती मारुतीकडे न जाता सरळ मास्तरांपुढे आली आणि त्यांच्या पायांवर तेल घालू लागली.

"राग धरू नका, महाराज. पोर अजाण हाय."

"अहो तानाबाई, मी मास्तर!"

"व्हय व्हय, मास्तरच. पन कोपू नका."

तिच्यामागे रांग लागली. मास्तरांचे दोन्ही हात कड्याला, अडवणार कसे? कुणी पायांवर तेल घातलं, कुणी खांद्यावर, एकीने गळ्यात रुईची माळ घातली. आत मारुती कोरडाच राहिला. तेलाचा ओघळ फरशीवरून रिंगणांत शिरला, आणि नेमके त्याच वेळी दिपोटीसाहेब छकड्यातून उतरले.

"फिरा!" मास्तर घाबरून ओरडले.

ग्रह फिरले. आधी पृथ्वी घसरली, तिने मंगळाला ओढलं, त्यांच्यावर गुरू पडला. सूर्य आपली जागा सोडून मजा बघायला आला. गेलं चिंचवड, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं.

साहेबांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

"शनी," फरशीवर बसूनच पृथ्वी म्हणाली. "त्याच्या एका फेऱ्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात."

साहेब गंभीर झाले. त्यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले. ढिगाऱ्यातून वीसच्या वीस उत्तरं बरोबर आली. मग मास्तरांना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "मास्तर, इतका सुंदर पाठ मी आजवर पाहिला नाही. पण माझी साडेसाती चालू आहे हो. शेवटची अडीच वर्षं उरलीत." आणि तानाबाईच्या वाटीतले उरलेले चार थेंब त्यांनी मास्तरांच्या अंगठ्यावर सोडले.

मास्तरांना धीर आला. "साहेब, माझा बदलीचा अर्ज..."

"चिंचवडचा ना? देऊ की. मीही तिथलाच. तुमचं घर कुठल्या आळीत?"

"नदीकडच्या."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या शेजारीच?"

महिन्याभराने कागद आला. 'शिक्षक अत्यंत हुशार व कर्तव्यदक्ष. अशा शिक्षकास या वाडीतून हलविणे मुलांच्या हिताचे नाही. बदलीचा विचार अडीच वर्षांनी व्हावा.'

त्या रविवारी मास्तर चिंचवडला गेले. दाराआडून आवाज आला, "आई, ते काका आलेत! त्यांना तेलाचा वास येतोय."

रुक्मिणी लगबगीने बाहेर आली. "काय म्हणाले दिपोटीसाहेब?"

"फार कौतुक केलं," मास्तर पायरीवर बसत म्हणाले.

रुक्मिणीने त्यांच्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि डागांवर राख चोळत बसली.