उद्या तुमची पाळी

लवूदादा गावकर तिन्हीसांजेला आमच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, येऊन उभा राहायचा, खाकरायचा आणि नोटीस बजावावी तशा आवाजात सांगायचा, “भाऊनू, उद्या तुमची पाळी.”

पाळी म्हणजे गुरं राखायची पाळी. एके काळी आमच्या वाडीतली सगळी गुरं सकाळी एकत्र सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळपठारावर, चरायला जात. ज्या घराची पाळी असेल त्याने त्या दिवशी सगळ्यांची गुरं राखायची आणि एरवी आपली गुरं बिनघोर सोडून द्यायची. व्यवस्था उत्तम होती. तिच्यात पुढे एकच खोट निघाली, ती म्हणजे गुरं राहिली नाहीत. आमच्याकडची शेवटची गाय वडिलांच्या हयातीतच गेली. आता अख्ख्या वाडीत गुरं म्हणजे लवूदादाच्या चार गावठी गाई. पाळी मात्र सगळ्यांची.

“लवूदादा, माझ्याकडे मांजर पण नाय रे.”

“गुरां नसली म्हणान पाळी चुकता काय?”

दुसऱ्या दिवशी अर्थातच तो स्वतः गाई घेऊन जायचा आणि संध्याकाळी येऊन ऐकवायचा, “तुमची पाळी मीच केलंय. लक्षात ठेवा.”

शेजारच्या सावंतांनी पुण्याची सून आणली. पहिल्याच आठवड्यात एक अनोळखी म्हातारा बेड्याशी आला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडला, “वैनीनू, उद्या तुमची पाळी!” ती जी घरात गेली, ती नवरा कामावरून येईपर्यंत बाहेर आली नाही. तिचं काय बिनसलं हे लवूदादाला अजून कळलेलं नाही. पुण्याची माणसां कामाक भितत, असा त्याने निष्कर्ष काढला आहे.

दूध विकायची त्याची पद्धतही अशीच. नवं गिऱ्हाईक आलं की आधी गोठ्यात न्यायचा. “गायीक तोंड दाखवा. जेचा दूध पितास तेका तोंड दाखवूक नको?” पिशवीतल्या दुधाबद्दल त्याचा मुख्य आक्षेप हाच होता, की ते कोणाचं आहे हे कळत नाही. त्याच्या मते हे बिनबापाच्या पोरासारखं. मी एकदा त्याला पिशवीतल्या दुधाचा चहा पाजला. त्याने भुरके मारत संपवला आणि विचारलं, “तांबूचा मां?” तांबू म्हणजे त्याच्या चारांतली थोरली गाय. मी हो म्हटलं. तांबूला उगाच कशाला दुखवा.

मग किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घरं बांधलेला एक गृहस्थ त्याचा पत्ता काढत आला. पाहुण्यांना कुरणात चरणाऱ्या देशी गाईंचं दूध हवं असतं, म्हणाला. त्याने छापलेलं गुळगुळीत पत्रकही होतं. त्यात हिरव्यागार टेकडीवर एक गाय उभी होती, बहुधा परदेशातली, कारण तिच्या अंगावर एकही गोचीड नव्हती. मी मजकूर वाचून दाखवला. “शंभर टक्के गवतावर वाढलेल्या गाईंचे दूध.”

“गाय गवतार नाय वाढाची तर काय गादयेर वाढाची?” लवूदादा म्हणाला.

गृहस्थाला रोज दहा लिटर हवं होतं. चारी गाई मिळून मनात येईल तेव्हा चार-पाच लिटर द्यायच्या. लवूदादाने पाहुण्यांना तहान कमी लावून घ्यायचा सल्ला दिला. तरी पुढे दोनतीनदा गाड्या भरून पाहुणे गाई बघायला आले. एका बाईंनी विचारलं, गवत सेंद्रिय आहे का?

“तेका अजून कोणी इचारूक नाय, बायनू.”

बाईंनी सड्याचे फोटो काढले. किती मोकळं आहे इथे, म्हणाल्या. ही मोकळी जागा बघायला माणसं येतात म्हटल्यावर ती फार दिवस मोकळी राहणार नाही, हे आम्हाला तेव्हाच समजायला हवं होतं.

सडा सामायिक. हिस्सेदार मुंबईला, त्यांची मुलं आणखी कुठे कुठे. सगळ्यांचं एकमत झालं, जे आमच्या वाडीत देवळाच्या रंगाबद्दलसुद्धा कधी झालेलं नाही, आणि सडा विकला गेला. महिन्याभरात चिऱ्यांची भिंत उभी राहिली. फाटकाला कुलूप लागलं. लवूदादा गाई घेऊन फाटकासमोर उभा राहिला आणि आतल्या राखणदाराला म्हणाला, “बाबा रे, हिस्सेदारांक इचारलास, गुरांक कोणी इचारल्यान?” राखणदार परराज्यातला होता. तो हसून नमस्कार करायचा.

आता गाई जगवायच्या कशा, हाच प्रश्न होता. कसालच्या बाजारातून मी त्याला पोतंभर पशुखाद्य आणून दिलं. त्याला वाटलं, गाई हुंगून तोंड फिरवतील. गाईंनी ते चाटून पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं. हा अपमान त्याच्या फार जिव्हारी लागला. “आज पोत्यातला खातत,” तो म्हणाला, “उद्या टीव्ही बघूक मागतीत.” पोतं त्याने परत केलं.

तरी गाई जगल्या. कुठे चारतो विचारलं तर म्हणायचा, “हयच, जवळपास.”

एका संध्याकाळी तो काठी टेकत आला. घसरून गुडघा सुजला होता. या वेळी आवाजात नोटीस नव्हती.

“भाऊनू, उद्या तुमची पाळी. खरीच.”

दुसऱ्या दिवशी मी गाई सोडल्या. मी त्यांना नेलं असं म्हणणं धाडसाचं होईल. त्या सड्याकडे वळल्याच नाहीत. वाडीत खाली उतरल्या आणि सरळ परबांच्या अंगणात शिरल्या. परब मुंबईला, घराला किती वर्षं कुलूप. आमच्या वाडीतली निम्मी घरं अशीच, चतुर्थीला चार दिवस उघडणारी किंवा तेवढीही नाही. बंद घराला आमच्याकडे दोन पावसाळ्यांत रान गिळतं. पण परबांचं अंगण केस कापल्यासारखं होतं. पायवाट स्वच्छ. तुळशीभोवती गाईंनी तोंड घालू नये म्हणून काट्याच्या फांद्या रोवलेल्या, आणि वृंदावनातली माती ओली. तिथलं गवत संपवून गाई पुढच्या बंद घरी गेल्या. तिथेही काटे, तिथेही ओली माती. मग त्याच्या पुढच्या घरी. त्यांना सगळी घरं पाठ होती.

संध्याकाळी मी लवूदादाला विचारलं. तो गुडघ्याला पाला बांधत होता.

“सडो गेलो, मगे गुरांक खंय न्हेव?”

“आणि तुळशीक पाणी?”

“ता गुरांनीच घातल्यानी,” तो म्हणाला आणि गाठ इतकी जोरात आवळली की स्वतःच कळवळला.

गुडघा बरा झाला नाही. थोडे दिवस पाळी मी केली, एकदा सावंतांच्या पुण्याच्या सुनेने केली, बाकी कोणाला जमलं नाही. डॉक्टरने चालणं बंद सांगितलं. घाटाच्या पायथ्याला त्याच्या मेव्हण्याचं गाव आहे, तिथला सडा अजून उघडा आहे. गाई तिकडे पाठवायचं ठरलं आणि टेम्पो आला. गाई चढेनात. मेव्हणा शेपट्या पिळायला लागला तसा लवूदादा म्हणाला, “पिळू नको रे, सांग तेंका,” आणि स्वतः तोंड फिरवून काजूच्या झाडाकडे बघत बसला. काय सांगायचं ते मेव्हण्याला कळलं नाही. त्याने पिळल्याच.

मग पावसाळा आला आणि बंद अंगणांतून गवत कमरेएवढं झालं. चतुर्थीच्या आधी परबांच्या घरावरून जाताना मला आत काहीतरी हललेलं दिसलं. साप असेल म्हणून थांबलो. लवूदादा होता. उभं राहता येत नसल्यामुळे तो ओल्या जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि हातात विळा होता. हात पोचेल तेवढं कापायचा, मग ढुंगणावर पुढे सरकायचा.

“परब येणार आसत काय?”

“माका काय ठाव?”

“मग ह्या कित्याक?”

“वाटेपुरता कापतंय,” तो म्हणाला. “वाट दिसली तर माणूस येता. रान दिसला तर बेड्यासून परत जाता.”

मी विळा मागितला. त्याने दिला नाही. भरलेलं आभाळ वर बघून घेतलं, कापलेल्या गवताची मूठ बाजूला टाकली आणि आणखी हातभर पुढे सरकला. दार अजून बरंच लांब होतं.