मारोतीनाना आणि परदेशातला गुडघा

मारोतीनाना टेनिस बघायला आले की आधी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढतात आणि माझ्या टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर टाकतात. मग खाली जे उरतं तेवढंच बघतात. म्हणजे पाय. खेळणाऱ्यांची तोंडं, रॅकेट, गर्दी, सगळं दस्तीमागे. पलीकडच्या बाजूचा खेळाडू तर अख्खा झाकला जातो. तो बाजू बदलून अलीकडे येईपर्यंत नानांच्या लेखी मैदानात एकच माणूस असतो.

माझं कुरुंद्यात खताबियाण्याचं दुकान आहे. हंगाम नसला की दुपारी माशा मारायच्या, म्हणून भिंतीवर टीव्ही लावून घेतला. टेनिसचा नाद मला नांदेडला कॉलेजात असताना लागला. गावात क्रिकेटवाले ढिगानं आहेत, टेनिसवाले दोनच. एक मी आणि दुसरे नाना. आणि त्या दुसऱ्याला पंधरा, तीस, चाळीस ही काय भानगड असते ते आजतागायत माहीत नाही. मी एकदा समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, "आकडे तुमी पाहा. मी चाल पाहतो."

नाना हाडवैद्य. त्यांचे वडीलही तेच आणि आजोबाही तेच. निखळलेला खांदा असो की मुरगळलेला पाय, पंचक्रोशीतली माणसं नानांच्या ओट्यावर कण्हत बसायची. आंबेहळदीचा लेप, वर बांबूच्या कामट्या, वर पट्टी. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे नानांना माणूस तोंडावरून ओळखू येत नाही, चालीवरून येतो. मी कॉलेज संपवून गावात परतलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वर न करताच सांगितलं, तू संपतचा पोरगा, तुझा बापबी असाच डाव्या पायावर भार देत यायचा.

"जरा चालून दाखवा," हे त्यांचं पेटंट वाक्य. डोकं दुखतं म्हणून आलेल्याला ते चालायला लावतात. मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला लावलं होतं. माझ्या पुतणीला बघायला सेनगावहून पाहुणे आले, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून नानांना बोलावलं होतं. अंगणात खुर्च्या टाकून पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी मुलीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मग नाना मुलाकडे वळून म्हणाले, पावणं, जरा चालून दाखवा. मुलाच्या मामाचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण पोरगं गुणाचं. उठलं, दारापर्यंत गेलं आणि परत आलं. नाना म्हणाले, कंबर चांगली हाय, फक्त डाव्या बुटात काहीतरी टोचून राहिलं. बूट काढून पाहिला तर खरंच तळातून खिळा वर आलेला. लग्न तिथंच ठरलं. तो जावई आजही नानांच्या दारावरून जाताना छाती काढून चालतो.

अशा माणसाला टेनिस दाखवलं त्यांच्या लेकीनं, शीतलनं. ती फिजिओथेरपी शिकत होती. सुट्टीत घरी आली की मोबाईलवर खेळाडूंच्या चाली थांबवून थांबवून बघायची, आणि एकदा सहज नानांपुढे मोबाईल धरला. त्या काळातला पहिल्या नंबरचा गडी होता. बॉलमागं हरणासारखा पळायचा. नानांनी दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, हा पोरगा एक दिवस उजव्या गुडघ्यानं बसंल. शीतल हसली. दोन महिन्यांनी त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी आली. शीतलनं होस्टेलवरून फोन करून सांगितलं, तेव्हा नानांनी गावभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दुसऱ्याच्या ऑपरेशनचे पेढे वाटू नयेत, हे काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, वेळेवर सांगितलं म्हणून.

तेव्हापासून तो गुडघा नानांचा पेशंट झाला. गुडघ्याच्या मालकाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या दुकानात त्याला गुडघाच म्हणतात. बाकीचेही तसेच. एक कोपर आहे, एक मनगट आहे, एक उंच बाई आहे ती खुबा. आज कोणाची मॅच म्हणून विचारलं की मी सांगतो, गुडघा आणि मनगट. नवीन गिऱ्हाईक दचकतं, जुनं खुर्ची ओढून बसतं.

एकदा नाना आंबेहळदीची पुडी घेऊन आले आणि म्हणाले, हे त्याला पाठवून दे. मी त्यांना गाडीवर बसवून वसमतला कुरिअरवाल्याकडे नेलं. त्यानं पत्ता विचारला. नानांना त्याचीच कीव आली. एवढा नावाजलेला माणूस, त्याला पत्ता कशाला लागतो? कुरुंद्यात कोणाला लागतो? शेवटी पुडी परत आली आणि माझ्याच बायकोच्या मुरगळलेल्या पायाला कामाला आली.

इथवर सगळी गंमत आहे. आता जे सांगतो त्यात नानांची चूक आहे, आणि मी ती त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे.

शिक्षण संपवून शीतल पुण्याच्या एका दवाखान्यात लागली. चार वर्षांमागं दिवाळीला घरी आली. ओट्यावर एक माणूस आला होता, महिनाभरापूर्वी नानांनीच त्याचं मनगट बांधलं होतं. शीतलनं त्याचा हात हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "नाना, हे हाड वाकडं जुळलंय. आधी फोटो काढायला पाहिजे होता."

फोटो म्हणजे एक्स-रे. ओट्यावर आठ-दहा माणसं बसलेली. नाना लेकीला जे बोलले ते कोणत्याच बापानं बोलू नये. माझ्या ओट्यावर मला शिकवू नको, तुझं शहाणपण तुझ्या दवाखान्यात दाखव, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी काकूंना फोन करते. काकूंचा फोन वाजला की नाना म्हशीला पाणी दाखवायला परसात जातात. म्हैस विकून तीन वर्षं झाली, तरी जातात.

आणि दुसरी गोष्ट. त्या दिवाळीनंतर नानांनी एकाचंही हाड बसवलं नाही. कोणी आलं की म्हणतात, आधी वसमतला जाऊन फोटो काढा, डॉक्टरला दाखवा. कामट्यांचा भारा माळ्यावर टाकून दिला. हे त्यांनी लेकीला सांगितलंच नाही. मी म्हणालो, नाना, सांगा की तिला. तर म्हणाले, "काय सांगू? तुझं बराबर होतं, हे सांगायला फोन करू?" मी म्हणालो, हो, त्याच्यासाठीच करा. तर लगेच सोयाबीनवर कोणतं औषध फवारावं ते विचारायला लागले. नानांना शेतच नाही.

सात-आठ महिने असेच गेले. मग एक दिवस आमचा गुडघा मैदानात घसरला आणि खालीच बसला. नाना खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. शीतल.

नाना मोबाईल कानाला लावत नाहीत, कान तापतो म्हणून. स्पीकरवरच बोलतात. त्यामुळे मी आणि युरियाला आलेले दोन शेतकरी, सगळ्यांनी ऐकलं. नाना, पाहिलं का? पाहिलं, बाहेरून मुडपला. मला तर आतून वाटतंय. आतून कसा मुडपंल, पाय कसा पडला ते पाहिलं का तू? असे वीस मिनिटं भांडले. जेवलीस का नाही, कशी आहेस नाही. पण फोन ठेवल्यावर नानांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि शेतकऱ्याची गोणी स्वतः उचलायला निघाले.

मग तशी रीतच पडली. गुडघ्याची मॅच असली की शीतलचा फोन नानांच्या मोबाईलवर यायचा. विषय एकच, गुडघा. सूज आहे का, पट्टी कशी बांधली, उतरताना पाय कसा टेकवून राहिला. तीन वर्षं बापलेकीचा सगळा संसार त्या परक्या माणसाच्या गुडघ्यावर चालला होता. तो जिंकला की हरला याच्याशी दोघांना कर्तव्य नव्हतं. तो खेळत राहिला पाहिजे, एवढंच.

मी मात्र एका नव्या खेळाडूच्या बाजूचा. वीस वर्षांचं ते पोरगं, काय मारतं म्हणता. त्यानं पॉइंट घेतला की मी टाळ्या वाजवायचो, आणि मी खोटं बियाणं विकताना सापडल्यासारखे नाना माझ्याकडे बघायचे. पेपरात दरवर्षी यायचं, म्हाताऱ्यानं आता थांबावं. मी वाचून दाखवलं की नाना भडकायचे. "काहून थांबावं त्यानं? ह्या पेपरवाल्याच्या घरी जेवायला येतो का?"

पण शेवटी वय कोणाला सुटलंय. यंदा गुडघ्याची गाठ माझ्या नव्या पोराशी पडली. सरळ तीन सेटमध्ये गेला. पहिल्या सेटला मी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याला वाजवल्या, तिसऱ्याला माझाच हात उचलेना. मॅच संपल्यावर त्यानं माईक घेतला आणि लोक उभे राहिले. नानांना दस्तीखाली नुसते थांबलेले पाय दिसत होते. त्यांनी मला विचारलं, काय म्हणून राहिला? मी सांगितलं, पुरे झालं म्हणतो, नाना. ही शेवटची.

नाना उठले आणि टीव्हीवरची दस्ती काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या माणसाचं तोंड नीट पाहिलं. दाढीत पांढरे केस, डोळ्यांतून पाणी. नाना टीव्हीच्या आणखी जवळ गेले. "म्हातारा झाला की हा," म्हणाले. मग खताच्या गोणीवर बसले आणि मला म्हणाले, "आता शीतल काहून फोन करंल?"

सगळ्या गावाला मी सल्ले देतो, कपाशीला काय टाका, हळदीला काय टाका. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला आणि नानांसाठी चहा सांगितला. माझा गडी जिंकला याचीच लाज वाटली.

तिचा फोन त्या दिवशी आला. संपलं नाना, म्हणाली. व्हय, म्हणाले. चांगला खेळला. व्हय. त्यावरच फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. मॅच कोणाचीही असो, लाव म्हणायचे. त्यांना नवा पेशंट हवा होता. पोरं बघितली, पोरी बघितल्या. मला रिमोट घेऊन मागे घे, थांबव, परत दाखव, असं करायला लावायचे. तासभर बघून निराश व्हायचे. ह्याला काही न्हाई. तिलाबी काही न्हाई. काय खाऊ घालतात ह्या पोरायला, म्हणून चिडायचे. नव्या पिढीवर सगळेच म्हातारे चिडतात, पण पोरं धडधाकट आहेत म्हणून चिडलेला हा एकच.

दीड महिना झाला, मोबाईल गप्प. मला राहवेना. मी म्हणालो, नाना, तुमीच लावा फोन. जेवलीस का म्हणून विचारा. त्याला टेनिस कशाला लागतं? नानांनी मोबाईल बाहेर काढला, हातात फिरवला आणि परत ठेवून दिला. "तिनं विचारलं, काहून फोन केला, तर काय सांगू?"

माझ्या नव्या पोराला तर त्यांनी तीन दिवस दिले. गुडघे पाहिले, घोटे पाहिले, सर्व्हिस करून पाय टेकवतानाच्या टाचा पंचवीस वेळा मागेपुढे करून पाहिल्या. शेवटी रिमोट माझ्या हातात दिला आणि पडेल आवाजात म्हणाले, ह्याच्या टाचा बाभळीच्या खुंट्यावाणी हायेत, चाळीस वर्षं काही व्हत न्हाई. मला मनातून आनंद झाला, पण दाखवला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ, त्याच पोराची मॅच चाललेली. नानांचा मोबाईल वाजला. नानांनी नाव पाहिलं आणि बटण दाबायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"नाना," शीतल म्हणाली, "ते नवं पोरगं पाहिलं का? त्याच्या डाव्या टाचेत मला काहीतरी वाटून राहिलं. म्हणजे, नक्की न्हाई. म्हणलं तुमाला विचारावं."

शीतल दिवसभर लोकांचे पायच तपासते. धडधाकट टाच तिला कळत नसेल, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं औषधाच्या बाटल्या पुसायला घेतल्या.

"पाहिली," नाना म्हणाले. "बरं झालं तू बोलली. मलाबी दोन दिवसांपून तेच दिसून राहिलं. मोठी तकलीफ हाय पोराला."

"लवकर बरी व्हईल का, नाना?"

"छ्या," नाना म्हणाले. "लवकर कशाची? लई वर्षं पाहावं लागंल आपल्याला."