गच्चीवरचा शेवट

१९८७ साली रस्त्याच्या टोकाचं जुनं थिएटर पाडून तिथे दुकानं काढायचं मालकांनी ठरवलं, आणि ही बातमी सगळ्यात जास्त कुणाच्या जिव्हारी लागली असेल तर ती हॅलोमावशीच्या. हॅलोमावशी म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली ऑपरेटर. उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून बसण्यात गेली, त्यामुळे घराचं दार वाजलं तरी तिच्या तोंडून आधी "हॅलो" निघायचं आणि मग ती कडी काढायला उठायची.

बातमी ऐकली आणि ती तडक मालकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"हॅलो. पाडा, विका, काय वाटेल ते करा. पण जाता जाता एकदा तो लिफ्टवाल्याचा पिक्चर लावा."

"कुठला लिफ्टवाला?"

"एकसष्ट सालचा. तुमच्याच इथे लागला होता."

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग चालला नसणार. चाललेले सगळे माझ्या लक्षात आहेत."

"नाहीच चालला. आठवडा भरायच्या आत उतरवलात. सबंध हॉलमध्ये आम्ही दोघं, आणि एक गृहस्थ उन्हातून जरा पंख्याखाली आलेले."

"आणि तो मी परत लावू?"

"लावा. मला त्याचा शेवट बघायचाय."

आता, पाहिलेल्या पिक्चरचा शेवट कुणी कशाला मागेल? तर त्याला कारण होतं. लग्न झालं तेव्हा मावशीला एक्स्चेंजमध्ये कायमची रात्रपाळी होती, आणि यजमान पाण्याचे मीटर वाचायला दिवसभर लोकांचे जिने चढत-उतरत असायचे. ती घरी यायची तेव्हा ते निघालेले, ते यायचे तेव्हा ती चपला घालत असलेली. उंबरठ्यात जेवढं बोलणं होईल तेवढाच संसार. एकत्र वेळ मिळायचा तो सुटीच्या दिवशी दुपारच्या खेळाला. पण रात्रभर जागलेली बाई अंधारात, गार वाऱ्यात बसवली की काय होणार? मध्यंतरापर्यंत ती डोळे ताणून बघायची, आणि मध्यंतरानंतर पाच-दहा मिनिटांत तिचं डोकं यजमानांच्या खांद्यावर. ते तिला उठवत नसत. घरी चालत जाताना उरलेला पिक्चर सांगत. तिच्या लेखी पिक्चरचे दोन भाग असायचे, एक पडद्यावरचा आणि एक रस्त्यावरचा.

त्यामुळे मावशीने बघितलेल्या पिक्चरमध्ये कधी कुणी मेलं नाही. बुडालेला नायक पोहत परत यायचा, क्षय झालेली नायिका डोंगरावरच्या हवेने खडखडीत बरी व्हायची. यावरून तिची नणंद आणि ती यांचे वाद ठरलेले.

"अहो वहिनी, ती मरते! त्याच्या मांडीवर मरते. मी रडून रडून रुमाल भिजवलाय!"

"तुमच्या थिएटरात मेली असेल, वन्सं. आमच्याकडे बरी झाली."

लेक झाल्यावर पिक्चर सुटले. मग पाळ्या बदलल्या, रिटायरमेंट आली, आणि आता कुठे दोघांना दुपार मोकळी सापडते आहे म्हणेपर्यंत यजमान गेले. तेव्हापासून मावशीच्या मनात तो लिफ्टवाला पुन्हा पुन्हा येऊ लागला. बाकीच्या पिक्चरचे शेवट तिने ऐकून सोडून दिले होते. हा एकच शेवट असा होता की आपण जागं असायला हवं होतं, असं तिला वाटायचं.

मालक शेवटी म्हणाले, "रविवारी सकाळी लावतो. थिएटरचा शेवटचा खेळ म्हणू त्याला. पण हॉल रिकामा राहिला तर शोभा होईल. माणसं गोळा करायचं काम तुमचं."

हे काम मावशीला सांगणं म्हणजे आगीला फुंकर घालणं. तिने दुसऱ्या दिवसापासून पिक्चर सांगायला सुरुवात केली. एक्स्चेंजच्या मुलींना सांगितला, दवाखान्याच्या बाकावर सांगितला, दळणाच्या रांगेत सांगितला. अकरा मजली कचेरीतला एक साधा लिफ्टवाला. कोण साहेबांच्या शिव्या खायला निघालंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे माणूस लिफ्टमध्ये शिरला की त्याला चेहऱ्यावरून कळायचं, आणि मजला येईपर्यंत तो त्याला हसवून सोडायचा. एकदा मोठे साहेब आणि त्यांनी सकाळीच कामावरून काढलेला कारकून असे दोघं लिफ्टमध्ये अडकतात, आणि हा लिफ्टच्या टपावर बसून वरून दोघांची दिलजमाई करतो.

इथपर्यंत ती भराभर सांगायची. मग पदराने तोंड पुसून, आवाज खाली आणून शेवट.

"कचेरी सुटते. सगळे जातात. मग हा आपल्या बायकोला घेऊन येतो. तिने बिचारीने त्याची लिफ्ट कधी बघितलेलीच नसते. तो सलाम ठोकतो नि विचारतो, 'कितवा मजला, बाईसाहेब?' ती म्हणते, 'जिथून आपलं घर दिसेल तो.' दोघं गच्चीवर जातात. खाली सगळ्या शहरात दिवे. ती शोधते, शोधते, घर काही सापडत नाही. तेव्हा तो बोट दाखवतो, 'ते बघ. सगळ्या उजेडात एकच खिडकी अंधारी आहे ना? तेच आपलं. आज दोघंही बाहेर आहोत.'"

ऐकणारी माणसं लगेच तिकिटाचं विचारायची. दळणाच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसताना चेहऱ्याला पीठ फासून घेतलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हॉल भरतोय असं दिसल्यावर मालकांना हुरूप आला आणि त्यांनी दर्शनी बोर्ड रंगवायला काढला. पिक्चरचं एकही पोस्टर कुठे शिल्लक नव्हतं. पेंटर मावशीकडे आला.

"मावशी, गच्चीचा सीन काढतो. बाईचा चेहरा कसा होता?"

"मला काय माहीत! मी झोपले होते."

पेंटरला ही गोष्ट महत्त्वाची वाटली नाही. चेहरा हवा होता, समोर एक होता, त्याने तोच वीस-पंचवीस वर्षांनी तरुण करून रंगवला. बोर्ड चढला तेव्हा रस्त्यावर थांबून माणसं बघू लागली. एवढी मोठी गच्ची, एवढे दिवे, कडेला ती दोघं. "मावशी, तुम्ही पिक्चरमध्ये पण होतात?" असं जो तो विचारू लागला, आणि उरलेली तिकिटं हातोहात गेली.

रविवारी हॉल गच्च भरला. मावशी मधोमध बसली, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नणंद.

"माझं डोकं कलंडलं ना, तर चिमटा काढायचा. दयामाया नाही," तिने दोघींना बजावलं होतं.

"वहिनी, त्याची काळजीच करू नका," नणंद म्हणाली, आणि ती संधी इतकी वर्षं शोधत असावी अशा रीतीने हॉलमधले दिवे जाताच तिने पहिला चिमटा काढला.

"अहो, अजून जाहिराती चालल्यात!"

"सराव."

पिक्चर सुरू झाला आणि मावशीला तो जसाच्या तसा भेटला. लिफ्टचं जाळीचं दार, त्याची ती तिरकी टोपी, कुणी रडवेलं शिरलं की घसा खाकरायची त्याची लकब. हॉल खदखदून हसत होता. मध्यंतर झालं. पुढचं सगळं ती पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होती, आणि टक्क जागी होती. तरी दोन्ही दंडांवर चिमटे पडतच होते.

साहेब आणि कारकून यांची दिलजमाई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः एक स्टूल उचलून आणतात आणि लिफ्टमध्ये ठेवतात. जन्मभर उभा राहिलेला लिफ्टवाला घाबरत घाबरत त्यावर टेकतो, इकडेतिकडे बघतो, हसतो. जाळीचं दार लागतं. समाप्त.

दिवे लागले. कुणी उठेना. सगळे पडद्याकडे बघत गच्चीची वाट पाहत बसले होते.

"गच्ची कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग एकच गिल्ला झाला. "बोर्डावर आहे, पिक्चरमध्ये नाही?" "स्टूल कसलं दाखवता?" "रीळ खाल्लं! कात्रीने रीळ खाल्लं!"

कात्री म्हणजे मशीन चालवणारे काका. दुपारच्या जेवणाला वेळेवर घरी पोचता यावं म्हणून हे गृहस्थ लांबलेली गाणी मधूनच कापतात, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. मालक तणतणत वर गेले आणि कात्रीकाकांना दंडाला धरून बाल्कनीच्या कठड्याशी घेऊन आले.

"शेवटचं रीळ कुठं गेलं?"

"मालक, आले तेवढे सगळे डबे लावले. मुलांची शपथ!"

"मी नवं थिएटर काढतोय, तिथे तुला न्यायचं म्हणत होतो! शेवटच्या दिवशी हे धंदे?"

"मालक, गाणं कापलं असेल," कात्रीकाकांचा आवाज कापत होता, "शेवट नाही कापला हो कधी."

मावशी खाली बसून होती. स्टूल बघितलं त्याच क्षणी तिला कळून चुकलं होतं. सगळ्या उजेडात एकच अंधारी खिडकी. तिच्या घरात तेव्हा कधी अंधार नसायचा, कारण दोघांपैकी एक जण कायम एकटं घरात असायचं. फक्त सुटीच्या दिवशी, पिक्चरहून रमतगमत परत येताना, आपलं घर अंधारात दिसायचं. कोपऱ्यावर येऊन ते बोट दाखवायचे. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

लेकीच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. ती कानाशी लागली. "आई, गप्प बस. रीळ हरवलं म्हणतील, दोन दिवस बोंबलतील, विसरून जातील."

मावशीला ते पटत होतं. रीळ हरवलेलं असलं तर तो शेवट कुठेतरी आहे. एखाद्या गोदामात, गंजलेल्या डब्यात. उद्या सापडेल, परवा सापडेल, आपण बघू. आणि आत्ता तोंड उघडलं तर तो कुठेच नाही. कधी नव्हताच. ती पदराचं टोक पिळत बसली. मग तिने वर बघितलं. कात्रीकाका बनियनने घाम पुसत होते आणि मालकांचा हात अजून त्यांच्या दंडावर होता.

ती उठून उभी राहिली.

"हॅलो," ती म्हणाली. एक्स्चेंजचा आवाज होता तो, सबंध हॉल लाइनवर आल्यासारखा गप्प झाला. "त्यांना सोडा. रीळ पुरं आहे. पिक्चर एवढाच आहे."

"मग गच्ची?" मालकांनी वरून विचारलं.

"मला झोप लागली होती. पुढचं मला ह्यांनी सांगितलं, घरी जाताना. ते पिक्चरमधलं नाही. आमच्या घरचं आहे."

नणंदेने एवढा वेळ धरून ठेवलेला दंड हळूच सोडला.

"वहिनी, म्हणजे ती क्षयवाली..."

"मेली असेल हो वन्सं. मेली असेल."

मग मागच्या रांगेतून पेंटर उभा राहिला. "मावशी, मी चार दिवस तो सीन रंगवत होतो. फुकट घालवू नका. सांगून टाका, म्हणजे आम्ही घरी जातो."

"सगळ्यांना सांगून झालाय की!"

"परत सांगा!" हॉल ओरडला.

लेकीने तिला हाताला धरून पडद्यापुढे नेलं. वर कात्रीकाकांनी काय मनात आणलं कोण जाणे, त्यांनी दिवे मालवले आणि रिकामं मशीन सुरू केलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला, आणि त्यात मावशीची सावली. तिने सांगितलं. या खेपेला ती पदराने तोंड पुसायला विसरली. खिडकीपाशी आली तेव्हा आवाज फुटेना, तर पुढच्या रांगेतल्या दळणवाल्या बाईने वाक्य पुरं केलं.

थिएटर पुढच्याच महिन्यात पाडलं. मालकांनी कात्रीकाकांना नव्या जागी नेलं. तिथे त्यांनी एकही गाणं कापलं नाही, निदान वर्षभर तरी. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. तो बोर्ड त्याने स्वतःच्या शेडवर छप्पर म्हणून टाकला, रंगाची बाजू आत करून. लेक लग्न होऊन दूर गेली आणि सोळाव्या मजल्यावर नोकरीला लागली, बटण दाबायच्या लिफ्टने जाऊ-येऊ लागली. नणंद पुष्कळ जगली, आणि अखेरपर्यंत तिने वहिनीला पिक्चरबद्दल एका शब्दाने टोकलं नाही, याचंच मावशीला फार वाईट वाटायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तो पिक्चर टीव्हीवर लागला. स्टुलावर संपला, आणि टीव्हीवाल्यांना फोनावर फोन गेले: शेवट का कापला? आमच्या थिएटरात दाखवला होता, आम्ही सहकुटुंब बघितलाय. म्हातारे कात्रीकाका तर शपथेवर सांगत, की ते रीळ त्या रविवारी मी या हातांनी चालवलं. त्या वेळी हॉलमध्ये होती त्याच्या दुप्पट तरी माणसं आता तो बघितल्याचं सांगत होती.

असं कुणी सांगू लागलं की मावशी खुर्ची पुढे ओढून घ्यायची. "दिवे कसे दिसत होते हो? आणि ती? तिच्या साडीचा रंग कुठला होता?" कुणी हिरवा सांगायचं, कुणी निळा. ती मान डोलावून सगळं ऐकून घ्यायची, आणि मनातल्या मनात त्यांचा हेवा करायची. सगळ्या गल्लीने तो शेवट डोळ्यांनी बघितला होता. बघायचा राहिला होता तो फक्त तिचा.