खटक्यातला बोळा

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे सासरे लगेच "बरं" म्हणाले.

या घरात सासरे कशालाच लगेच "बरं" म्हणत नसत. जेवायला बसा म्हटलं तर "एवढी कसली घाई?" आणि आता उठा म्हटलं तरी "एवढी कसली घाई?" छातीला नळी लावून डॉक्टर "श्वास घ्या" म्हणाले, तर त्यांना "आत्ताच घेतला होता की" असं ऐकवणारा हा माणूस. आणि सूनबाईने गल्ल्यासमोर उभं राहून (आरशासमोर भरपूर तालीम करून, तळहातांचा घाम ओढणीला पुसून) "बाबा, उद्यापासून आपल्या दुकानात प्लॅस्टिकची पिशवी बंद" असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

सूनबाई त्यानेही दचकली. तशी ती कशानेही दचकते. मिक्सर सुरू झाला की दचकते, बंद झाला की परत दचकते. पण ही बाई कॉलेजात पर्यावरण शिकली होती. आपण रोज सकाळी ज्या दुकानाच्या डोक्यावर झोपून उठतो, तिथूनच गावभर पिशव्या वाटल्या जातात, ही गोष्ट लग्न झाल्यापासून तिला खात होती. घर वर, दुकान खाली. दूध, लोणी, अंडी, भाजी, मांस, साबण, सगळं एका छताखाली, आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत. कोथिंबिरीला पिशवी, त्या पिशवीला पिशवी.

मग ती मोहिमेला लागली. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून दाराशी टांगल्या : विसरलात तर घेऊन जा, पुढच्या वेळी परत आणा. (लोक घेऊन गेले. पुढची वेळ मात्र अजून कुणाचीच आली नव्हती.) ती स्वतः दाराशी उभी राहून येणाऱ्याला हसून विचारू लागली, "पिशवी आणलीत?" हसू तिचं तिला गोड वाटे. गिऱ्हाइकांना ते तपासणी नाक्यासारखं वाटत असावं. एका निवृत्त मास्तरांनी तर भीतीने टोमॅटो कोटाच्या खिशात भरले आणि सवयीप्रमाणे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

समोरचा दुकानदार अजून हसत हसत पिशव्या वाटत होता. सूनबाईने त्यालाही समजावलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं अगदी पटतं मला. तुम्ही असंच चालू ठेवा." तो हे एवढ्या मनापासून का म्हणाला, ते तिला गिऱ्हाईक रस्ता ओलांडताना पाहून कळलं.

आणि तरीही सासरे गप्प होते. हेच तिला सहन होईना. माणसाने भांडावं, आदळआपट करावी, म्हणजे कुठे उभे आहोत ते कळतं. हा माणूस गल्ल्यावर बसून शीळ घालत होता.

आठवड्यातून एका दुपारी दुकान बंद असतं. त्या दुपारी घर सामसूम असताना तिला जिन्यात पाऊल वाजल्यासारखं वाटलं. ती दचकली, मग उठली. गॅलरीतून डोकावली तर सासरे चपला हातात घेऊन खाली उतरत होते. एवढ्या वयाचा माणूस, छातीची शस्त्रक्रिया झालेला, चोरासारखा भिंतीला घासत चाललेला. मोबाइल मुठीत धरून तीही अनवाणी मागे गेली.

दुकान अंधारं होतं. मागच्या बाजूला कोल्ड रूमचं जाडजूड दार किलकिलं होतं आणि फटीतून पांढरा उजेड येत होता. तिने दार ओढलं आणि आत पाऊल टाकलं.

लोण्याच्या खोक्यांमागे सासरे उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर, दुधाच्या क्रेटांमागे, थेट छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे होते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे. लहान, मोठ्या, पातळ, जाड, दुकानाचं नाव छापलेल्या.

"बाबा!"

"अगं बाई!" सासऱ्यांच्या हातातला गठ्ठा उडाला. "ओरडतेस काय? जीव घेशील एखाद्याचा."

"तुम्ही तर 'बरं' म्हणाला होतात!"

"बरंच म्हणालो. बंद करतो असं कुठे म्हणालो?"

तिच्या मागे दार आपल्या वजनाने हळूहळू सरकत आलं आणि खट् झालं.

आवाज लहानसाच होता. पण सासऱ्यांचा चेहरा असा झाला की सूनबाई दचकायचंच विसरली.

"सूनबाई," ते म्हणाले, "खट् कसं झालं?"

"दार लागलं."

"ते लागत नाही. त्याच्या खटक्यात बोळा आहे."

"कसला बोळा?"

"आतली मूठ मोडलीय त्याची, हा जन्मला त्याच्या आधीपासून." (हा म्हणजे सूनबाईचा नवरा.) "खटका बसला तर आतून उघडत नाही. म्हणून पिशवीची घडी करून कोंबलेली असते त्यात. काळी पडलीय आता. दिसते साधी, पण तिच्या जिवावर इतकी वर्षं आत-बाहेर करतोय आम्ही."

सूनबाईला आठवलं. सकाळी दुकानातलं शेवटचं प्लॅस्टिक शोधताना दाराच्या कडेला असलंच काहीतरी घाणेरडं, काळपट दिसलं होतं. तिने ते चिमट्याने उपसून काढलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, त्याचा फोटोही काढला होता.

"बाबा, ते... मी..."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. "बरं," ते म्हणाले.

त्यानंतर तिने दार बडवलं, ओरडली, खांदा मारला. दाराला काही वाटलं नाही. भिंती हातभर जाड, पत्र्याने मढवलेल्या. दुकान उद्या सकाळपर्यंत बंद. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर. घरात फक्त सासूबाई.

"फोन आहे ना तुझ्याकडे? कर की."

फोनला रेंज नव्हती. क्रेटवर चढून हात छताला लावला की कशीबशी एक काडी उगवे. तिने स्पीकर लावून नवऱ्याला फोन केला. वाजला, वाजला, कट झाला. परत केला. परत कट. मग मेसेज आला : "घेतली आहे."

"काय घेतली आहे?" सासऱ्यांनी खालून विचारलं.

तिला सांगायची लाज वाटली. घरातलं कुणी बाहेर पडलं की ती मागोमाग फोन करी : पिशवी घेतलीत ना? त्यामुळे हल्ली तिचा फोन कुणी उचलत नसे. तिने लिहिलं, "आम्ही कोल्ड रूममध्ये अडकलोय, लवकर ये." मेसेजपुढे घड्याळाचं चिन्ह फिरत राहिलं. मग काडी गेली.

काडी आली की सासूबाईंना फोन. वाजून वाजून बंद.

"झोपलीय ती," सासरे म्हणाले.

"पण तुम्ही अंथरुणात नाही, हे बघून खाली येतीलच ना?"

सासरे लोण्याच्या खोक्यावरची पट्टी नखाने खरवडू लागले. "उशा ठेवून आलोय पांघरुणात," ते शेवटी म्हणाले. "डोक्याच्या जागी माझी कानटोपीसुद्धा."

कानटोपी वर होती. स्वेटर वर होता. छातीच्या गोळ्या वर होत्या. सासरे सदऱ्यात होते, आणि आता त्यांचे दात वाजायला लागले होते.

सूनबाई एरवी भिते ती न झालेल्या गोष्टींना. इथे समोर घडत होतं, आणि तिला भ्यायलासुद्धा फुरसत नव्हती. सासऱ्यांचे ओठ जांभळट दिसत होते. ते एक हात सारखा छातीवर नेत होते आणि ती बघतेय असं दिसलं की खाजवल्यासारखं करत होते.

"दुखतंय?"

"नाही गं. थंडीचं."

तिने इकडेतिकडे पाहिलं. लोणी. दूध. मांस. बर्फ. आणि पिशव्या.

तिने पहिला गठ्ठा फोडला.

"काय करतेस?"

"सदरा वर करा."

"अगं, सून तू माझी..."

"बाबा, सदरा वर करा!"

पिशव्यांचे चुरगाळलेले बोळे तिने त्यांच्या सदऱ्यात, पाठीत, पोटावर, बाह्यांत कोंबले. पायांत मोज्यांसारख्या पिशव्या चढवल्या आणि घोट्याशी गाठी मारल्या. डोक्यावर एक घालायला गेली तर तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं : गुदमरण्याचा धोका, मुलांपासून दूर ठेवा. तिची पाचावर धारण बसली. तिने ती पिशवी आधी उभी फाडली, मग फेट्यासारखी गुंडाळली. सासरे आता हलले की वाळक्या पानांतून म्हैस गेल्यासारखा आवाज येत होता.

"कशा आहेत?" ते म्हणाले.

"काय?"

"पिशव्या. ऊब आहे ना?"

ती स्वतःच्या कुडत्यात कोंबत होती. "अजून आहेत?"

"मागच्या रांगेत. जाड्या आहेत." आणि थोड्या वेळाने, "मी मुद्दाम नाही केलं हं. तुझं पटतं मला. नाला तुंबतो, गुरं खातात, दिसतं मला. पण ती पलीकडची आजी मांस न्यायला येते, ओलं, रक्त गळणारं. तिच्या कापडी पिशवीत कसं घालू? मग ती समोर जाते. तीस वर्षांचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं. मी गल्ल्यावरून बघत बसतो." त्यांना धाप लागली. "म्हणून आजीपुरत्या ठेवल्या होत्या."

"छतापर्यंत?"

"आज्या बऱ्याच आहेत."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. "मग मला सांगायचं. आजीला डबा आणायला सांगितलं असतं. आपण डबे ठेवले असते."

"तुला सांगायचं म्हणजे भाषण. मग फोन. आणि तू अशी दचकतेस, की भांडायलाही भीती वाटते." ते शब्दाशब्दाला थांबत होते. "घरात सगळ्यांनाच..."

वाक्य पुरं झालं नाही. मान एका बाजूला कलली.

"बाबा? बाबा, झोपायचं नाही. भांडा माझ्याशी. काहीतरी बोला."

"एवढी..." सासरे पुटपुटले, "कसली घाई..."

तिने त्यांना मिठीत घट्ट धरलं, दोघांच्याही पिशव्या एकदम कुरकुरल्या. मग ती पुन्हा क्रेटवर चढली. मोबाइलची बॅटरी लाल झाली होती. एक काडी होती. तिने सासूबाईंचा नंबर लावला आणि देवाच्या हातापाया पडत फोन छताला धरला.

आणि घंटी वाजली. फोनमधली नव्हे. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, सासूबाईंच्या मोबाइलचं ते टिंगटिंग गाणं.

ते एकदम बंद झालं. कुणीतरी घाईने गळा दाबल्यासारखं.

सूनबाईने उडी मारून दाराला कान लावला. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. मग पावलं वाजली. चोरपावलं. लांब जाणारी.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईसुद्धा! त्यासुद्धा बंद दुकानात गुपचूप गठ्ठ्यांकडेच आल्या होत्या. आणि सुनेचा फोन वाजल्यावर त्यांना वाटलं, आपण पकडले गेलो.

"आई! आई, थांबा!" ती घशाच्या चिंधड्या करत ओरडली.

पावलांचा वेग वाढला.

"आई, बाबा आत आहेत!"

पावलं थांबली. जाड दारातून, गोधडीखालून यावा तसा आवाज आला, "उगाच सोंगं करू नकोस. ते वर झोपलेत, आत्ताच टोपी बघून आले मी. मला आत बोलावून रंगेहाथ धरायचंय तुला."

"उशा आहेत त्या! बाबा, आवाज द्या! बाबा!"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. आवाज आला तो फक्त पिशव्यांचा.

पावलं परत निघाली. एक, दोन. दूर.

तेव्हा सूनबाईने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. दारावर दोन्ही मुठी आपटत, गळ्यापर्यंत प्लॅस्टिकने भरलेली ती बाई सगळं दुकान हादरेल अशी ओरडली, "घ्या! पिशव्या घ्या! हव्या तेवढ्या घ्या! मी काही म्हणणार नाही, फोन करणार नाही, दाराशी उभी राहणार नाही! माझंच चुकलं, सगळं माझंच चुकलं! फक्त हे दार उघडा!"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या छातीवरचा गठ्ठा वर झाला, खाली गेला. परत वर झाला, खूप उशिराने.

मग पावलं परत आली. कडीवर हात पडल्याचा आवाज आला. हात तिथेच जरा घुटमळला, आणि दाराच्या पलीकडून सासूबाई शेवटी बोलल्या :

"आत आहेसच, तर जाड्या बघून आण गं. पातळ फाटतात."